नागठाण्यापर्यंत खुनी सापडू नये

सांगली-सातारा एसटीत तिघांच्या बाकावर खिडकीशी मयूरी लिमये, मधे म्हाताऱ्या हरणाबाई आणि कडेला एक फौजी अशी मांडणी झाली, ती कंडक्टरच्या सोयीनं. नशिबाचा त्यात काही हात नव्हता.

फौजीच्या बॅगेवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं – कॅप्टन इंद्रजित सरनोबत. मयूरीनं ते वाचलं आणि भडंगातला एक शेंगदाणा तिच्या घशातच थांबला. साताऱ्याजवळच्या ज्या सरनोबतांच्या दारी ती निघाली होती, त्यांच्यातलाच हा. आणि मांडीवर फाईल उघडून तो जी सुटी पानं वाचायला लागला, ती तिनं तीन वर्षं खपून लिहिलेली कादंबरी होती.

सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा मिरजेचा किल्ला. किल्लेदाराचा खून. तपास करणारा तरणा सरदार रायाजी. आणि शेवटी खुनी निघणारे हैबतराव सरनोबत. हे आडनाव मयूरीनं एका जुन्या यादीतून उचललं होतं. भारदस्त वाटलं, शिवाय आता त्यांच्यातलं कोणी उरलं नसेल असा तिचा अंदाज होता. उरले होते. एका गावात एकशे ऐंशी, त्यांतले एकतीस फौजेत. प्रकाशकाला हे कळल्यावर त्यानं पाणी मागवलं आणि म्हणाला, "घराण्याची हरकत नाही अशी सही आणा. नाहीतर ही कादंबरी विसरा."

"काय वाचताय?" मयूरीनं शक्य तितक्या निरुपद्रवी आवाजात विचारलं.

"खून." त्यानं पान उलटलं.

"बरा आहे का?"

"ठरवायचंय. आजोबांनी सांगितलंय, सांगलीतून फाईल घे, वाटेत वाच आणि सांग – सही करू की नको."

हरणाबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "कुनाचा खून?"

"किल्लेदाराचा, आजी."

"कवा?"

"सव्वादोनशे वर्षं झाली."

"मग आता रडून काय उपेग न्हाई," हरणाबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करून बसल्या. मग राहवेना. "पर केला कुनी?"

"शेवटी कळेल."

बाहेर उसाच्या ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या. मयूरी खिडकीबाहेर बघत असल्यासारखी काचेतलं त्याचं प्रतिबिंब बघत होती... भुवई, ओठ, पान उलटणारं बोट.

"बाई हुशार आहेत," पेठ नाक्याला तो म्हणाला. "पण घोड्यातलं काही कळत नाही. यांचा घोडा मिरजेहून निघतो तो थेट साताऱ्याला. ना पाणी, ना दाणा."

"दमाचा असेल."

"हा घोडा नाही हो. मालगाडी आहे."

तिचे कान तापले. पण पुढच्याच पानावर तो हसला. मोठ्यानं नाही... नाकातून हवा सुटावी तेवढंच. रायाजी स्वतःच्याच सासऱ्याची जबानी घेतो, त्या ओळीवर. त्या ओळीवर आजवर कोणी हसलं नव्हतं, तिची आईसुद्धा. मयूरीनं भडंगाची पुडी त्याच्यापुढे केली. शेजारधर्म म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

कराडला तो चहा आणायला उतरला. फाईल सीटवर. शेवटचं प्रकरण चौदा पानांचं. हा माणूस आपल्या पणजोबांच्या पणजोबांना बेड्या पडताना वाचणार, आणि मग सही विसराच. साताऱ्याला पोचून आधी याच्या आजोबांशी, थोरल्या आबांशी, समोरासमोर बोलता आलं तर...

तिचा हात पुढे झाला तेव्हा तिचा तिलाच धक्का बसला.

"आजी, जरा उठता?"

हरणाबाई काही न विचारता चार बोटं वर झाल्या. पानं खाली गेली. हरणाबाई पुन्हा टेकल्या.

"मला काय बी ठावं न्हाई," त्या म्हणाल्या.

तो तीन चहा घेऊन आला. उंब्रजपर्यंत शांतपणे वाचत राहिला आणि मग म्हणाला, "पानं नाहीत. दोनशे एकोणीस ते दोनशे बत्तीस."

तो उठून उभा राहिला. एसटीत तपास सुरू झाला.

"पानं?" कंडक्टर म्हणाला. "तिकीट काढलं व्हतं का त्यांचं?"

मग कॅप्टन मयूरीकडे वळला. "गाडी कराडला थांबली तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"चहाची वाट बघत होते."

"चहाची, की चहा आणणाऱ्याची?"

"...चहाची."

"नोंद घेतली." त्याचा चेहरा हलला नाही. "आजी, जरा उठता का?"

"गुडघं धरल्यात, सायब. नागठाण्याला लेकीकडं उतरायचंय, तवा उठीन."

तो खाली बसला आणि त्यानं घड्याळ बघितलं. काशीळ गेलं. मयूरीला हरणाबाईंच्या खालून चौदा पानांची सळसळ ऐकू यायला लागली, जी दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. अतीतचा फाटा दिसला आणि तिचा धीर सुटला.

"पानं मी घेतली." ती पुढच्या सीटच्या दांडीशी बोलत होती. "लिहिलीही मीच. खुनी तुमचे हैबतराव आहेत. आता सांगा आजोबांना काय सांगायचं ते."

मग त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"म्हणजे मघाशी मी... मालगाडी म्हणालो, ते तुम्हालाच?"

"हो."

"अरे देवा." त्यानं फाईल मिटली. "चोरलीत तुम्ही हे कराडलाच कळलं होतं. लिहिलीत हे नाही कळलं. आणि खुनी कोण ते मला आधीपासून माहितीये. प्रकाशकानं आबांना शेवटचं प्रकरण आधीच पाठवलंय, बाकीचं तेवढं राहिलं होतं."

"मग एवढी चौकशी कशाला?"

"पानं मिळाली असती तर वाचत बसावं लागलं असतं." तो चहाच्या रिकाम्या कपात बघत होता. "नव्हती... म्हणून तुमच्याशी बोलता आलं."

नागठाण्याला हरणाबाई उठल्या. कोमट झालेली चौदा पानं त्यांनी कॅप्टनच्या हातात ठेवली. "चोर न्हाई बरं ही. चोर कुटं 'जरा उठता' म्हनून इचारतो," म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

दोघांच्या मधली जागा रिकामी झाली. कोणीच सरकलं नाही.

"आबांची हरकत एकच आहे," तो म्हणाला.

मयूरीनं पिशवीतून पेन काढलं.

"हैबतराव खून करून जाताना एका पायातला जोडा विसरतात आणि त्यावरून सापडतात. आबा म्हणतात, खुनी असू दे. पण आमच्या घरात वेंधळं कोणी जन्मलं नाही. तेवढं बदला, सही तयार आहे."

"जोडा काढला तर सगळा पुरावाच गेला. रायाजी त्यांना पकडणार कशावरून?"

"ते आबांसमोर बसून ठरवावं लागेल. किती दिवस लागतील?"

मयूरीची मावशी साताऱ्यातच राहायची. आणि जोडा काढायला एक दुपार पुरली असती.

"तुमची रजा किती आहे?" तिनं विचारलं.

"अठरा दिवस."

तिनं खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात हिशेब केल्यासारखं केलं.

"अठरा लागतील," ती म्हणाली.

तो मधल्या जागेवर सरकला.