जोडीतला डावा

कानाच्या पाळीला चिमट्यासारखे अडकवायचे ते इअरबड तुम्ही मागितलेत, आणि तेही उघड्या डबीतले, जरा स्वस्तात. माल देतो, पण सीलबंद. उघड्या डबीतले मी आता विकत नाही. का विकत नाही ते ऐकायला दहा मिनिटं असतील तर ते स्टूल ओढा. हा दिवा जरा खाली वळवतो, डोळ्यांवर येतोय तुमच्या.

वस्तू चांगली आहे, त्यात वाद नाही. कानाच्या भोकात काही कोंबायचं नाही. गाणं चालू असतं आणि मागून येणारी सायकलही ऐकू येते. मी ते स्वतःच्याच कानावर विकायचो. गिऱ्हाइकाशी पाच मिनिटं गप्पा मारायच्या आणि मग हळूच सांगायचं, "माझ्या कानात मघापासून गाणं चाललंय, कळलं का?" एका शिंप्यानं तर माझ्या कानाला कान लावून खात्री केली आणि जोडी घेऊन गेला. आठवड्यानं तोंड पाडून परत. उजवा खिशातून धुण्याच्या मशीनमध्ये गेला होता, हातात नुसता डावा.

असे एकटे राहिलेले मी परत घ्यायचो. एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा, मॉडेल एकच असलं की दोघांना नव्या डबीत शेजारी ठेवायचं आणि बटण दाबून धरायचं. दुकानात आम्ही त्याला दुसरं लग्न म्हणायचो. माझी शाळा नववीत सुटली. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती, म्हणून तिचा भारी अभिमान होता.

शिंप्याच्या डाव्याला उजवा मिळाला तो एका बाईंकडून. पन्नाशीच्या असतील. त्यांनी डबी काउंटरवर ठेवली तसा गुडघ्याला चोळायच्या मलमाचा उग्र वास आला. आत उजवा तेवढा होता. "ह्यांचे होते," म्हणाल्या. डावा कुठाय विचारलं तर म्हणाल्या, तो नाही आता. बिलासाठी पत्ता, नंबर लिहून घेतला. बाकी काही विचारलं नाही. भंगारात घेतलेल्या पंख्याचीसुद्धा मी अर्धा तास चौकशी करतो, पण तिथं नाही केली.

त्याच आठवड्यात माझ्या बायकोला डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन दीड महिना झाला होता. संध्याकाळी दोन फेऱ्या, सावकाश, बोलता बोलता चालता येईल इतक्याच. दम लागला की बसायचं. "इंजिन नवं नाही, दुरुस्त केलेलं आहे. पळवाल तर हातचं जाईल," असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

घराजवळच्या मैदानाला लाल रबराचा ट्रॅक आहे. दिवसभर तापलेल्या रबराला संध्याकाळी टायरच्या दुकानासारखा वास येतो. एकाच वर्तुळात फिरायचा तिला कंटाळा, म्हणून मी ती जोडलेली जोडी नेली. डावा तिला लावला, उजवा मला. एकच गाणं दोघांच्या कानात, आणि मध्ये आमचं बोलणं. तीस वर्षांच्या संसारात एवढं एकमत कधी झालं नव्हतं, असं ती म्हणालीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या आणि बाकाजवळ मी वळलो, तर ती सरळ पुढं गेली. मला वाटलं, गंमत करतेय. मी बाकावर बसलो. ती फेरी पुरी करून आली, थांबली नाही, ओठ पांढरे पडलेले. मी पळत जाऊन दंड धरला तेव्हा कुठं थांबली. धाप इतकी की शब्द फुटेना.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"मला?" ती म्हणाली. "तुम्हीच म्हणताय ना मघापासून... चल, थांबू नकोस. अजून एक फेरी."

मी म्हटलं, मी बाकावर होतो. ती म्हणाली, बाकावरून कसे, माझ्या खांद्यामागून बोलत होतात, आणि तुम्हालाही धाप लागलेली होती. मी हसण्यावारी नेलं. कान उघडा राहतो ना ह्यात. कानातला आवाज कुठला आणि जगातला कुठला, फरक कळत नाही. मागून कुणी चाललं असेल, आपल्या बायकोला म्हणत असेल.

पण त्या वेळी ट्रॅकवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पहिल्या फेरीतच तिची पावलं वाढली. मी तिला बाकावर बसवलं, तिचा डावा काढून माझ्या डाव्या कानाला लावला. गाणं बंद केलं, फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, बस इथं, मी एकटा फिरून बघतो.

अर्ध्या फेरीपर्यंत काही नाही. बुटांचा रबरावर चपचप आवाज, लांब कुठंतरी गेट लावल्याचा आवाज. मग ते मलम... तोच उग्र वास, कुणी मागं येऊन उभं राहावं तसा. आणि पाठीमागं, हातभर अंतरावर, माझ्या बायकोचा आवाज.

"चला ना... थांबू नका. अजून एक फेरी."

धापा टाकत. खांद्याला श्वास लागेल इतक्या जवळून. समोर, ट्रॅकच्या पलीकडं, दिव्याखालच्या बाकावर ती बसलेली मला दिसत होती. तोंड मिटलेलं. माझ्याकडंच बघत होती.

सांगायला लाज वाटते, पण मी थांबलो नाही. तिच्या आवाजाला नाही म्हणायची मला सवयच नाही. तिसऱ्या फेरीला तिनंच मला अडवलं.

सकाळी दुकान न उघडता मी त्या बाईंचा पत्ता शोधत गेलो. जिना चढून दोन खोल्या. बाई मिठाईवाल्यांसाठी पुठ्ठ्याची खोकी घडी करत बसल्या होत्या. मला ओळखलं, बसा म्हणाल्या, हात थांबले नाहीत. मी डावा कुठं हरवला विचारलं.

"हरवला नाही. ते ट्रॅकवर पडले तेव्हा कानाला होता. उजवा गळून पडला, डावा तसाच राहिला. केसांत कुणाच्या लक्षात आला नाही. सगळं उरकल्यावर मला आठवलं."

मी मग, ते चालताना काय ऐकायचे, असं विचारलं.

आता त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, नवऱ्याला एकदा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी हळू चालायला सांगितलं होतं. आणि ते रोज घामाघूम होऊन यायचे आणि बायकोवर चिडायचे, की तू मला जिवंत सोडणार नाहीस, किती पळवतेस.

"मी कधी गेलेच नाही हो त्यांच्याबरोबर," बाई म्हणाल्या. "एक दिवससुद्धा नाही. माझे गुडघे धड नाहीत."

उठताना मी विचारलं, जोडी घेतली कुठून होती. त्यांनी कपाटातून बिल काढून दाखवलं. बिल माझ्याच दुकानाचं होतं, अक्षर माझं. आणि कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक फुली. दुसऱ्या लग्नाच्या मालाच्या बिलावर मी ती खूण करायचो, मला कळावं म्हणून. त्यांचा उजवा त्याआधी कुणाचा होता, ते मला आठवत नाही. रात्र रात्र आठवून पाहिलंय.

दोन्ही बड मी वजनाखाली ठेचले आणि पूड नाल्यात टाकली. फिरायला जाणं बंद केलं. डॉक्टर ओरडले, म्हटलं, घरातल्या घरात फिरवतो. फोनमधून त्या जोडीचं नाव पुसलं. दोन महिने झाले. तेव्हापासून आमच्या घरी एक चाल पडली आहे. ती काही बोलली की मी आधी तिच्या ओठांकडं बघतो, मी बोललो की ती माझ्या. ओठ हलले असतील तरच उत्तर द्यायचं. मागून कुणी कुणाला हाक मारायची नाही. हसायचो आम्ही ह्यावर. म्हातारपणी प्रेमात पडल्यासारखे एकमेकांची तोंडं बघत बसतो.

काल संध्याकाळी दोघं समोरासमोर बसलो होतो. मी बिलं लावत होतो, ती शेंगा सोलत होती. गाणं नाही, टीव्ही नाही. तिनं मान वर केली आणि माझ्या ओठांकडं बघितलं. माझं तोंड मिटलेलं होतं. बराच वेळ बघत राहिली. मग शेंगांचं ताट बाजूला सरकवलं, आणि माझ्या ओठांवरची नजर न काढता, वाकून चालायचे बूट ओढले, पायात घातले आणि नाड्या बांधायला लागली.

मी तिचे हात धरले, विचारलं, कुठं निघालीस.

"तुम्ही नाही बोललात, ते दिसतंय मला," ती हळूच म्हणाली. "पण तुम्हाला मलमाचा वास येतोय ना?"

येत होता.