थांबण्याचा निरोप

सकाळचं ड्रेसिंग सोडताना डॉ. हेमलता गावंडेंचा हात अडखळला. प्रल्हादची, त्यांच्या धाकट्या भावाची, दोन बोटं कातडीने एकमेकांना चिकटली होती.

अकोल्याजवळच्या जिनिंग कारखान्यात कापसाने पेट घेतला, तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. हेमलतांनी आपल्या प्रयोगशाळेत तयार केलेला लेप त्याला लावला. शरीरातल्या पेशी एकमेकींना सतत रासायनिक निरोप धाडत असतात. कुणाला वाढायला सांगतात, कुणाला थांबायला, तर कुणाला मरायलासुद्धा. लेपातले सूक्ष्म कण ‘वाढ’ एवढा एकच निरोप पोचवायचे. बघता बघता हातांवर कोवळी कातडी धरली. प्रल्हादची बायको कुंदा तर नणंदेच्या पायाच पडली होती.

“लेप बंद केलाय ना, ताई? मग हे काय?” प्रल्हादने विचारलं.

हेमलतांनी त्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लेपाचे कण केव्हाच संपले होते. पण आता पेशी स्वतःच तसले कण घडवत होत्या आणि शेजारणींना वाटत होत्या. ‘थांब’ हा निरोप कुणी ऐकतच नव्हतं.

त्या परत आल्या तेव्हा कुंदा नवऱ्याला भात भरवत होती. रोज तीच भरवायची. संध्याकाळचं ड्रेसिंगही तीच करायची, हातमोजे न घालता.

“ताई, माझंही बघा जरा,” तिने हात पुढे केला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पातळ पडदा आला होता. “याचा बाळाला त्रास नाही ना व्हायचा?”

कुंदाला दुसरा महिना होता. गर्भाचा हात आधी वल्ह्यासारखा सलग असतो. मधल्या पेशींना मरण्याचा निरोप मिळतो, त्या मुकाट्याने मरतात, तेव्हा कुठे बोटं सुटी होतात. हे हेमलता विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत.

“चल, सोनोग्राफी करून घेऊ,” एवढंच त्या म्हणाल्या.

पडद्यावर चिमुकलं हृदय धडधडत होतं. हेमलतांनी गर्भाची लांबी मोजली, मग पुन्हा मोजली. ती चौथ्या महिन्यातली होती.

कुंदाने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

“अगं बाई, केवढं मोठं दिसतंय! वाढ चांगली आहे ना, ताई?”