विटांची रांग

"वीट तुझी असेल, पण जागा काय तुझ्या बापाने बांधून दिलीये?"

टोपीवाली असं फाडकन बोलली आणि लांब्याचं डोकंच फिरलं. पाणी प्यायला गेला काय, परत येतो तर त्याच्या विटेच्या पुढे भलत्याच कुणाची तरी वीट.

मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर रात्रभर रांग असायची, पण रांगेत आजारी कुणीच नाही. ज्यांना सकाळी डॉक्टरचा नंबर हवा ते घरी घोरत पडलेले, आणि त्यांच्या बदली उभे लांब्यासारखे... ना घर ना दार, रात्र कुठेतरी काढायचीच, ती इथे. पाय दुखले की आपली वीट रांगेत ठेवून बाजूला बसायचं. सकाळी ज्याचा नंबर तो साहेब येतो, चार पैसे हातावर ठेवतो, आपण त्याच्यासाठी बाजूला व्हायचं. संपलं.

लांब्या बराच तडतडला. पण मध्येच तिला हसू फुटलं. म्हणाली, एवढा ताडमाड आहेस, मागूनही फाटक दिसतं की तुला. त्याला अजून चिडायचं होतं... राहूनच गेलं.

मग तो रोज मुद्दाम तिच्याच मागे उभा राहायला लागला. भुरभुर पाऊस आला की तिच्या लोकरीच्या टोपीवर थेंब अडकायचे, रस्त्यावरच्या दिव्यात चमकायचे. ते झटकावेत असं त्याला फार वाटायचं. हात खिशातच राहायचे.

एक गोष्ट मात्र त्याला कळेना. कुणी कंटाळून निघून गेलं की सगळे पुढे सरकायचे, आणि ही उलटी मागे जायची. का? एका रात्री तो मान वळवून बघतच राहिला. मागे भिंतीला टेकून एकजण उभ्याउभ्या झोपायचा. दिवसभर हमाली करून यायचा, सगळे त्याला झोप्याच म्हणायचे. ही जाऊन त्याची वीट पायाने हळूच पुढे ढकलत होती.

म्हणजे त्या दिवशी लांब्याच्या पुढे घुसलेली वीटही त्याचीच. ती परत जागेवर आली.

"आवडतो?" त्याने विचारलंच.

"तू कोण रे विचारणारा?" ती फणकारली. मग आवाज खाली आणून, "तो डोळेच उघडत नाही कधी. तू विचारशील त्याला? एवढं तोंड चालतं माझं, पण तिथे गेलं ना, की..."

दुसरं कुणी असतं तर लांब्याने तिथेच धुतलं असतं. पण ती मान वर करून त्याच्याकडे बघत होती – इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गेला बिचारा.

त्याने झोप्याचा खांदा हलवला. झोप्या लगेच बोलला, डोळे मिटलेलेच.

"वीट ती ढकलते, माहितीये मला. मी कुठे झोपतो... डोळे उघडले तर तिच्याशी बोलावं लागेल. आणि माझ्या मनात तसलं काही नाही रे. तिला नको सांगूस. चांगली पोरगी आहे."

लांब्याचा रस्ता मोकळा झाला होता. त्याला नाचावंसं वाटायला हवं होतं. वाटलं काय, तर या माणसाच्या एक कानाखाली ठेवून द्यावी.

तो परत आला तोवर उजाडत आलं होतं.

"काय म्हणाला?"

"उठलाच नाही. मेल्यासारखा झोपतो."

तिने टोपी काढली, पिळली, परत घातली.

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, लांब्या."

त्याचा हात कानाकडे गेला.

"नको म्हणाला ना? बरं." तिने नाक ओढलं. रडेल असं वाटलं, पण ती त्याच्याकडेच निरखून बघायला लागली, जसं एखादं बंद दुकान अचानक उघडं दिसावं. "पण नको तर तो मला म्हणालाय. मग तुझं तोंड का एवढं उतरलंय?"

लांब्याच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात खांद्यावर टकटक झाली. अंघोळ करून, छत्री घेऊन, त्याचे साहेब उभे. सरक रे, म्हणाले. तो रांगेबाहेर झाला. तिकडे फाटकाचं कुलूप खडखडलं.

"सांग की," ती रांगेतूनच म्हणाली.

"ते... उद्या – नाही, म्हणजे... मला आता निघायला हवं."