एका नंबरावर दोनशे बारा अर्ज

"तीनदा पडला तुमचा कागद. चिकटपट्टी देऊ का?"

अर्पिताने वळून पाहिलं. चौकड्यांचा शर्ट, कपाळावर आलेले केस, आणि हसू दाबून धरलेले डोळे. आष्टीहून पहिल्या एसटीने ती जालन्याच्या त्या कॉलेजात आली होती, आणि तेव्हापासून आपणहून तिच्याशी बोलणारा हा पहिलाच माणूस.

परिषदही तशी जगावेगळीच. सरकारी कामात वेबचा वापर हा विषय आणि अनकॉन्फरन्स हे नाव. ना मंच, ना प्रमुख पाहुणे, ना शाल-श्रीफळ. ज्याला बोलायचंय त्याने विषय कागदावर लिहून भिंतीला लावायचा, ज्याला ऐकायचंय त्याने तिथे जाऊन बसायचं. सत्काराच्या आशेने फेटा बांधून आलेले एक सरपंच पहिल्या रांगेतली खुर्ची शोधून थकले. इथे रांगाच नव्हत्या. शेवटी बिचारे चहाच्या टेबलापाशी रमले.

त्याने तिचा कागद चिकटवला आणि मोठ्याने वाचला, "‘एका नंबरावर दोनशे बारा अर्ज. का, ते कोणी ऐकेल का?’ मी ऐकतो की! मी सोमेश्वर, केदारखेड्याचा. वेबसाइट बनवतो."

"मंग कागद कशाला लावला? एक ऐकणारा पुरे झाला असता मला."

बोलून गेल्यावर अर्पिताचेच कान तापले. एवढं धीट उत्तर आपल्याला सुचलं कसं...

पण लिंबाखालच्या गोलात बसल्यावर तिचा आवाज बदलला. सात-आठ माणसं होती. त्यांत पुरवठा खात्यातले अण्णासाहेब नावाचे एक वयस्कर अधिकारी, आणि अगदी समोर तो. ती सांगत गेली. आष्टीत तिचं ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र होतं. बायका रेशनकार्डात नाव लावायला यायच्या. घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा आठवडाभर जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यावर. ओटीपी जालन्यात वाजायचा आणि बाई आष्टीत खिडकीपाशी उभी.

"मंग मी माझाच नंबर टाकत गेले. मंजुरीचा मेसेज आला की घरी जाऊन सांगून यायचे. कुणाचा मेसेज कधी चुकवला न्हाई. अन् तीन महिन्यांपूर्वी सगळेच अर्ज बंद पडले. केंद्रही बंद. स्क्रीनवर लिहून आलं, संशयित दलाल."

तिने अण्णासाहेबांकडे पाहिलं. "गावात म्हणून राह्यलेत, पोरीनं बायांची नावं खाल्ली. माझं केंद्र गेलं तरी चालेल साहेब. त्या बायांची नावं लावा."

सोमेश्वर खाली मान घालून बसला होता. हसरा माणूस एवढा गप्प का झाला, हे तिला कळेना.

जेवणाच्या वेळी तो पिठलं-भाकरीचं ताट घेऊन शेजारी आला. ताटाला हात न लावता म्हणाला, "तुमच्या नंबरच्या शेवटी... चौसष्ट-सत्तेचाळीस आहे का?"

नंबर मिळवायची ही तऱ्हा तिला नवीनच होती. ओठांशी आलेलं हसू दाबून ती म्हणाली, "कुठून मिळवला? सरळ मागायचा होता की."

"मिळवला न्हाई. पाठ झाला." त्याने मान वर केली. "पाचपेक्षा जास्त अर्ज एका नंबरावर आले तर बंद करायचे, हा नियम मी लिहिला, अर्पिताताई. रेशनकार्डाच्या साइटचं काम आमच्या ठेकेदाराकडे आहे. यादीत सगळ्यात वर तुमचा नंबर होता. दलाल सापडला म्हणून ऑफिसातल्या साहेबांनी माझं कौतुक केलं. मी पेढे वाटले त्या दिवशी..."

तिच्या हातातला घास ताटात पडला. संताप आला, रडू आलं, आणि मघाशी या माणसासाठी आपले कान तापले याची लाज सगळ्यात जास्त वाटली.

"पेढे गोड होते का?" एवढंच विचारून ती उठली.

एसटीला अवकाश होता, म्हणून शेवटच्या गोलात ती बसली, अगदी कडेला. आज काय शिकलो ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं होतं. सोमेश्वर उभा राहिला.

"नियम लिहिण्याआधी मी एकाही केंद्रावर जाऊन आलो न्हाई. दोनशे बारा बायांची नावं माझ्यामुळं अडकली. चूक माझी आहे. साहेब, लेखी देतो."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. ठेकेदाराकडे कामाला असलेल्या पोराने अधिकाऱ्यापुढे असं बोलणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. अण्णासाहेबांनी चष्मा पुसला. "प्रत्येक बाईला समोरासमोर भेटून खात्री करावी लागेल. कोण करणार?"

"मी," तो म्हणाला.

पुढचे अकरा दिवस तो रोज मोटारसायकलने आष्टीला यायचा. पहिल्या दिवशी अर्पिता फक्त घरं दाखवत होती, बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी यादीतल्या साळूबाईंनी त्याला विचारलं, "माह्या नावाला टाळं लावनारा तूच का रे बाबा?" तो "हो मावशी" म्हणाला आणि तिथेच त्यांच्या पायाशी बसून अर्ज उघडू लागला. त्या दिवशी परतताना अर्पिताने त्याला पाणी विचारलं. सहाव्या दिवशी ती स्वतःच्या डब्यात एक भाकरी जास्त घेऊन आली. राग कुठल्या घरापाशी गळून पडला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नवव्या दिवशी त्याला यायला उशीर झाला, तेव्हा ती चारदा रस्त्यापर्यंत जाऊन आली.

शेवटचं घर तिचंच. तिची आई, नंदाबाई, अर्ज क्रमांक दोनशे बारा.

"काकू, हा नंबर कोणाचा?" त्याने नियमाप्रमाणे विचारलं.

"माह्या लेकीचा. आता तुमी सांगा, पुढं काय करनार?"

"काम संपलं काकू. लेखी दिलं म्हणून ठेकेदारानं उद्यापासून कमी केलं मला. पुण्याला नोकरी मिळून राह्यली, उद्या निघतो." त्याने बटण दाबलं. अर्ज उघडला, केंद्रावरची बंदीही उठली. तीन महिने अर्पिता ज्याची वाट पाहत होती ते समोर होतं, आणि तिला ते नीट दिसेना. डोळे भरून आले होते.

ती त्याच्यामागोमाग अंगणात आली. त्याने गाडीवर बसून किल्ली लावली.

"थांबा... मी आजवर सगळ्यांसाठी मागितलं," ती म्हणाली. "नाव मागितलं, दाखला मागितला. स्वतःसाठी काही मागायची सवय न्हाई मला. चुकलं तर सांभाळून घ्या." तिने श्वास घेतला. "जाऊ नका. मला तुम्ही पाहिजेत."

सोमेश्वर गाडीवरून उतरला, फोन काढला, आणि तिच्यासमोरच पुण्याच्या कंपनीला लावला.

"सर, सोमेश्वर बोलतोय. मी येत न्हाई," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने अर्पिताकडे पाहिलं. "न्हाई सर, पगाराचं न्हाई. मला इथं थांबवून घेतलंय."

दारात उभ्या नंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.