डब्याची पोच

अवनी, तो मोबाइल उलटा ठेव. सलिल, तूसुद्धा. आणि मध्येच "काका, पुढे काय झालं?" करायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. रामदास वाघमारे तीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. खोटं बोलणं त्याला जमत असतं, तर साहेब होऊन निवृत्त झाला असता.

तर हा रामदास, दोन हजार तेवीस सालच्या एक नोव्हेंबरला, बुधवारी, संकष्टीच्या रात्री दहा वाजता येरवड्याहून कर्वेनगरला निघाला. स्कूटरवर पायाशी उंदरांचा पिंजरा, पिंजऱ्यात भज्याचा तुकडा. काम एवढंच, तो ज्या मंडळाचं काम बघायचा त्याच्या हॉलमध्ये पिंजरा लावायचा आणि घरी येऊन झोपायचं. कारण हॉलमध्ये फराळाची सहाशे खोकी पडून होती. सीमेवरच्या जवानांसाठी! बायकांनी आठ दिवस हात भाजून घेऊन तळलेला फराळ, आणि त्यावर उंदीर दिवाळी करायला लागले होते.

आता म्हणाल, पडून का होती? अरे, टेम्पो दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी छावणीत पोचवायचा होता. पुढचं सगळं लष्कर बघणार होतं. पण टेम्पोला झेंडा कोण दाखवणार? अध्यक्ष श्यामसुंदररावांनी मोठे पाहुणे ठरवले आणि पाहुण्यांना वेळ मिळेना. आज, उद्या, परवा करत शेवटी पाच तारखेचा रविवार मिळाला. वर डोंगरात बर्फ पडलं की रस्ते बंद होतात, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. पण बर्फाला निमंत्रणपत्रिका कोण नेऊन देणार?

मंडळाची एक पद्धत होती. प्रत्येक खोक्यात एक पोचकार्ड टाकायचं. "डबा मिळाला" असं छापलेलं, खाली तारीख आणि सही. जवान सही करून ते परत धाडायचे, आणि पुढच्या वर्षी ती कार्डं श्यामसुंदररावांच्या फोटोभोवती फ्लेक्सवर झळकायची.

त्या सहाशेंत एकाच खोक्यावर नाव होतं, अनिरुद्ध जगताप. त्याची आई इंदुबाई कर्वेनगरात चार घरी पोळ्या करते. एकुलता एक मुलगा, दोन दिवाळ्या घरी नाही. तिनं स्वतःच्या स्टीलच्या डब्यात बेसनाचे पाच लाडू दिले होते. पाच दिवस टेम्पो हलला नाही तेव्हा ती रामदासकडे आली.

"रामदासभाऊ, माझा डबा तेवढा परत द्या. मी पोस्टानं धाडते. तो म्हणतो, आई, यंदा तुझ्या हातचा लाडू खाल्ल्याशिवाय मी दिवाळी करणार नाही."

"ताई, एक काढलं की दहाजण मागायला येतील. नियम सगळ्यांना सारखा. जातंय की दोन दिवसांत."

तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि गेली. रामदासनं स्वतः इतर खोक्यांसारखीच त्या खोक्याला चिकटपट्टी लावली होती आणि पट्टीवर आपली सही केली होती. एकाही खोक्याला कोणी हात लावू नये म्हणून. शिस्तीचा माणूस ना!

तर त्या रात्री त्यानं हॉलचं कुलूप काढलं. दिवा लावला. पिंजरा कोपऱ्यात ठेवला. घड्याळ पाहिलं, अकरा वाजून दहा मिनिटं. ऑक्टोबरचा उकाडा अजून सरला नव्हता, शर्ट पाठीला चिकटलेला. आणि एकाएकी त्याला थंडी वाजली.

मागच्या रांगेत खोकं सरकल्याचा आवाज आला.

उंदीर, असं तो स्वतःलाच म्हणाला. पण उंदराला खोकं सरकवता येत नाही.

रांगेच्या टोकाला एक जवान उभा होता. अंगावर पांढरा जाड कोट. बोटानं एकेक खोकं तपासत होता. बोटं काळी पडलेली... रामदासला वाटलं, छावणीतून कुणीतरी चौकशीला पाठवलं असेल. पण कुलूप तर आत्ता त्यानंच काढलं होतं.

"कोण आपण? काय हवंय?"

"डबा."

"डबे... रविवारी निघणार."

"कशासाठी थांबलेत?"

खरं काय ते रामदासला सांगावं लागलं.

"पाहुण्यांसाठी."

जवानाचं बोट नाव लिहिलेल्या खोक्यावर थांबलं. मग तो अगदी हळू म्हणाला, "आमच्याकडचा रस्ता बंद झाला, काका."

दिवा गेला.

रामदास हलला नाही. हलता येईना. अंधारात पट्टी ओढल्यासारखा आवाज... मग तोही नाही.

दिवा आला तेव्हा रांगेत कुणी नव्हतं. फरशीवर बुटांचे ओले ठसे होते. दारातून आत आलेला एकही नव्हता. सगळे त्या एका नावाच्या खोक्यापाशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. सीमेवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला होता. अनिरुद्ध जगताप, वय चोवीस. बुधवारी संध्याकाळीच गेला होता.

आणि रविवारी? रविवारी झेंडा दाखवला! दोन मिनिटं शांतता पाळली, मग नारळ फोडला, मग फोटो. श्यामसुंदरराव म्हणाले, "वीरमातेला स्टेजवर आणता आलं असतं तर बरं दिसलं असतं." रामदासनं आयुष्यात पहिल्यांदा भर मंडपात शिवी दिली. सहाशेंतलं ते एक नावाचं खोकं उचललं आणि चालू पडला.

इंदुबाईच्या घरी त्यानं ते तिच्यापुढे ठेवलं. पट्टी जशीच्या तशी होती, त्यावरची त्याची सहीसुद्धा. त्यानं स्वतः सुरीनं ती कापली. स्टीलचा डबा उघडला.

लाडू चार होते.

वर पोचकार्ड होतं. त्यावर शाईनं भरलेली तारीख, एक नोव्हेंबर. खाली सही.

रामदास पाय धरायला वाकला. "ताई, मी अडवला तुमचा डबा. मी पापी आहे."

बाईनं पाय मागे घेतले. कार्ड दिव्याजवळ नेलं. रडली नाही. म्हणाली, "सही त्याचीच आहे. तुमचा टेम्पो हलला नाही, म्हणून मरून पोराला इतक्या लांब यावं लागलं. आणि मी हॉलपासून दोन गल्ल्यांवर झोपले होते हो, भाऊ. माझ्याकडे नाही आला. डबा तुमच्या कुलपात होता ना!"

रामदास त्यानंतर मंडळात गेला नाही. श्यामसुंदररावांचा माणूस मात्र दोनदा इंदुबाईकडे जाऊन आला. फ्लेक्ससाठी कार्ड मागायला. तिनं दिलं नाही. मला एकदाच दाखवलं, गेल्या दिवाळीत. हातात घेऊ दिलं नाही, लांबूनच. सहीच्या बाजूला तुपकट अंगठ्याचा डाग आहे. तुपात चिकटलेला बेसनाचा कण अजून तसाच आहे.