भोकरदनच्या घड्याळाचे टोले

बसा असे जवळ, लाइट काही येत न्हाई आता. ही गोष्ट मुकुंदा घड्याळजीची. जालन्यात माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागूनच त्याचं दुकान. खोटं बोलणारा माणूस न्हाई.

तो दर साली भोकरदनला जायचा. तिथं गिरिधरपंतांच्या घरी भिंतीवर टोल्याचं मोठं घड्याळ होतं. ते उघडायचं, चाकं घासलेटात धुवायची, तेलाचा थेंब सोडायचा. पंतांची नजर काचबिंदूनं पार गेल्ती. दिवस का रात, ते त्यांना टोल्यांवरच कळायचं. मुकुंदा आला की शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. लंबकाच्या आवाजावरून सांगायचे, "आता बरोबर चाललंय बघ."

छप्पन साल. पौषातली अमावस्या. मुकुंदा संध्याकाळच्या मोटारीनं पोचला, तर पंत न्हाईत. श्रावणातच वारले म्हणे. त्यांचा मुलगा नरहर, वकील. तो म्हणाला, "घड्याळ बंद पडलंय. उद्या पाहुणे यायचेत, चालू करून द्या. टोले मात्र नकोत."

मुकुंदानं घड्याळ खाली काढून उघडलं. आत टोल्याच्या हातोडीला चिंधी गुंडाळलेली. वरून सुतळीनं करकचून बांधलेली.

"हे कुणी केलं?"

नरहरनं पेपरात डोकं घातलं. बोलली त्याची बायको, उमा.

"ह्यांची झोप मोडायची म्हणून. मग मामंजी रात्रभर विचारायचे, किती वाजले, किती वाजले. आम्हाला सांगायची बंदी. शेवटी भर दुपारी अंथरूण घालायला सांगायचे. जेवलो की नाही, तेही उमजेना त्यांना."

"उमा, आत जा," नरहर म्हणाला.

मुकुंदाला चीड आली. पण जुनं गिऱ्हाईक. चाकं धुऊन, तेल देऊन झालं, अन् त्यानं हातोडीच काढून नरहरच्या हातावर ठेवली. घड्याळ मुक्यानं चालू झालं.

परतीची मोटार गेल्ती. बैठकीतच त्याचं अंथरूण पडलं. पलीकडच्या पलंगावर नरहर घोरून राह्यला होता. कंदील विझवलेला.

मध्यरात उलटली, अन् पंतांच्या रिकाम्या खोलीतून आवाज आला.

"किती वाजले?"

मुकुंदा ताठ झाला. भास असंल, म्हणला.

"अरे... किती वाजले?"

नरहरचं घोरणं थांबलं. पांघरूण डोक्यावर ओढल्याची खसखस झाली. बस.

मंग स्वयंपाकघराकडून उमा बोलली. रोजचंच असल्यासारखी.

"दोन वाजले, मामंजी. रात्रीचे. झोपा."

शांत...

खोलीची कडी निघाली. कुणीतरी भिंत चाचपत येऊन राह्यलं होतं. सर्र... सर्र... घड्याळापाशी थांबलं.

बराच वेळ.

टोला पडला न्हाई.

पुन्हा सर्र... नरहरकडं न्हाई. मुकुंदाकडं.

अंधार. मनगटावर थंडगार बोटं...



उजाडलं. नरहर दाढी करत बसला होता. मुकुंदानं विचारलं, "वकीलसाहेब, रात्री काही ऐकलंत?"

"बिलकुल नाही. माझी झोप गाढ."

उमानं खाली मान घालून चहा ठेवला.

"हातोडी द्या," मुकुंदा म्हणाला. "परत बसवून देतो. एक पैसा नको."

"विहिरीत टाकली," नरहर म्हणाला, अन् गालावर वस्तरा फिरवला.

मुकुंदा तसाच निघाला. स्टँडवर मोटार किती वाजता सुटते ते बघायला मनगट वर केलं. स्वतःच्या घड्याळाची काच न्हाई. फुटलेली न्हाई, तुकडा न्हाई. काचेभोवतीचं कडं बराबर जागच्या जागी. घड्याळ चालूच होतं. काटे तेवढे दबलेले. ते घड्याळ मी हातात घेऊन पाह्यलंय... दोन्ही काटे तबकडीला टेकलेले, कुणी बोटांनी चाचपून चाचपून बघितल्यासारखे.