तोतयाची उत्तरं

तोतया हे नाव ताईनंच ठेवलं होतं. हॉस्पिटलचा खरा सर्व्हर दुसरी कंपनी बांधत होती आणि त्यांचं काम गोगलगायीच्या गतीनं चाललं होतं. तोवर त्याला जोडायचं ॲप तपासणाऱ्या ताईच्या टीमनं हातावर हात धरून बसू नये, म्हणून हा नकली सर्व्हर. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड द्यायची, की स्वारी उठून बसे. दोन कंपन्यांचा करार, म्हणजे कोणत्या प्रश्नाला कोणत्या साच्यात उत्तर द्यायचं याची फाईल, एवढंच त्याचं ज्ञान. तिच्यातला नमुना तो पोपटासारखा म्हणून दाखवी. विचारलं तर बोलणार, नाही तर गप्प. माणसांनी शिकण्यासारखं आहे, असं ताई म्हणे.

नमुन्याला एक खोटा पेशंट लागतो. ताईनं गंमत म्हणून थोरल्या भावाचं, दादाचं नाव घातलं होतं. खाट: चार. तक्रार: नाही. तेव्हा दादा धडधाकट होता. आता तो खऱ्याच हॉस्पिटलात श्वासाच्या मशीनवर, डोळे मिटून पडला होता, आणि ते नाव खोडायला तिचा हात धजत नव्हता.

एका सकाळी तोतयानं उत्तर दिलं, खाट: नऊ. ताईनं फाईल उघडली. फाईलमध्ये चारच होतं. शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसनं खोडी काढली असेल म्हणून तिनं त्याला दोन शब्द सुनावलेही. त्या बिचाऱ्यानं फाईलला हातही लावला नव्हता. दुपारी वहिनीचा फोन आला.

"अगं, ह्यांना खिडकीजवळ हलवलं. नऊ नंबरच्या खाटेवर."

योगायोग, असं ताईनं स्वतःला बजावलं. तिचा पोट भरण्याचा धंदाच चुका शोधण्याचा, भुताखेतांचा नव्हे.

दोनच दिवसांनी तोतया म्हणाला, तक्रार: हात दबलाय.

ती तशीच उठून हॉस्पिटलात गेली. चादर बाजूला केली. दादाचा डावा हात पाठीखाली मुडपून अडकला होता, बोटं काळीनिळी पडली होती. नर्सनं घाईघाईनं तो सोडवला. "चादर बदलताना राहिला वाटतं," ती पुटपुटली.

"त्याला दुखत असेल," ताई डॉक्टरांना म्हणाली.

"त्यांना काही जाणवत नाही. खोटी आशा मी देणार नाही." डॉक्टरांनी केसपेपर मिटला. "आता मशीन काढण्याचा विचार करा. उद्यापर्यंत सांगा."

बाहेरच्या बाकावर वहिनी भिंतीला टेकून बसली होती. इतक्या महिन्यांत ती वाळून काडी झाली होती. "माझ्यात बळ उरलं नाही गं. तू म्हणशील तसं करू. फक्त त्यांना कळत असेल तर नको. तेवढं मला सहन व्हायचं नाही."

ताईचा जीव टांगणीला लागला. सांगणार कुणाला, आणि काय? नकली सर्व्हर म्हणतोय म्हणून?

सकाळी हॉस्पिटलात जाण्याआधी ती ऑफिसला गेली. रोजच्याच पत्त्यावर रोजचाच प्रश्न पाठवला.

तक्रार: नाही.

पुन्हा विचारलं. नाही. पुन्हा. नाही. टेबलावर डोकं ठेवून ती मनसोक्त रडली. मग जाऊन वहिनीच्या सहीखाली तिनं सही केली. दुपारी मशीन काढलं. दादाची छाती बराच वेळ वरखाली होत राहिली, आणि थांबली.

वहिनीचा मुलगा परदेशातून येईपर्यंत दादाला हॉस्पिटलच्या शीतगृहात ठेवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी घर खायला उठलं, म्हणून ती ऑफिसात आली. चष्मिस गडबडून उभा राहिला.

"ताई, आज कशाला आलात? काम होतंय. काल तुम्ही यायच्या आधीच मी नवा तोतया लावला. जुना करारात नसलेलं काहीबाही बोलत होता ना? नवा त्याच पत्त्यावर बसवला, म्हणजे तुम्हाला काही बदलायला नको."

ताई त्याच्या टेबलाशी गेली. "म्हणजे काल मी विचारलं ते..."

"नव्याला. नमुना बरोबर म्हणतो ना?"

"आणि जुना?"

"आहे की चालू. चूक सापडेल म्हणून दुसऱ्या पत्त्यावर ठेवलाय. पण तिकडे कुणी काही विचारलेलं नाही."

तिनं जुन्याची खिडकी उघडली. कालपासून आलेला प्रश्न एकही नव्हता. नुसती उत्तरं होती.

तक्रार: सगळं ऐकू येतंय.

तक्रार: सही करू नका.

तक्रार: श्वास कोंडतोय.

पुढे बरीच जागा कोरी होती. ताईनं तिथं बोट टेकवलं. काच नेहमीसारखीच कोमट होती.

"बंद करू का हा?" चष्मिसनं विचारलं.

तिनं माऊस आपल्याकडे ओढला. तेवढ्यात, कुणी काही न विचारता, खाली दोन ओळी उमटल्या.

खाट: नाही.

तक्रार: थंडी वाजते.